मुठेचे पाणी : खडकवासला धरण आणि पुणे शहराच्या पाणीहक्काची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना

पुणे शहर मुठा नदीच्या काठी वसलेले आहे. तथापि, या शहराने आपल्या इतिहासाच्या फार मोठ्या कालखंडात पिण्याचे पाणी थेट मुठेतून घेतले नाही. अठराव्या शतकात ते कात्रजच्या तलावातून नळाने येत असे. वाड्यांत आड होते आणि पेठांत हौद होते. मुठेचे पाणी शहराच्या घराघरांत पोहोचले ते खडकवासल्याचे धरण झाल्यानंतर. त्या धरणाचा मूळ उद्देश मात्र प्रामुख्याने शेतीसिंचनाचा होता. आज तेच धरण आणि त्याच्या वरच्या अंगाला बांधलेली तीन धरणे पुणेकरांच्या दृष्टीने 'पुण्याची धरणे' झाली आहेत. शेतीसाठी अडविलेले पाणी शहराचे कसे झाले, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

पुण्याच्या पाण्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात पेशवेकालीन नळयोजनेचे कौतुक आहे आणि पानशेतच्या पुराच्या आठवणीही विपुल आहेत. परंतु हे बहुतेक लेखन शहराच्या बाजूने झालेले आहे. धरणाच्या वर ज्यांच्या जमिनी बुडाल्या आणि धरणाच्या खाली ज्यांच्या वाट्याला शहराने वापरून सोडलेले पाणी आले, ते लोक या लेखनात क्वचितच भेटतात. पुण्याच्या पाण्याचा इतिहास हा शहराचा नव्हे तर एका खोऱ्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला पाहिजे, ही या निबंधाची मुख्य भूमिका आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. खडकवासलापूर्व काळातील पुण्याच्या पाणीव्यवस्थेचे स्वरूप थोडक्यात पाहणे.
२. खडकवासला धरणामागील मूळ हेतू व त्यात झालेले बदल स्पष्ट करणे.
३. १९६१ च्या पानशेत दुर्घटनेचे या वाटचालीतील स्थान निश्चित करणे.
४. शहर, धरणक्षेत्र आणि लाभक्षेत्र यांच्यातील पाणीवाटपाच्या प्रश्नाची ऐतिहासिक मीमांसा करणे.

निबंधाची व्याप्ती मुठा खोऱ्यापुरती मर्यादित आहे. शेजारच्या मुळा व पवना खोऱ्यांचे उल्लेख तुलनेपुरते केले आहेत. विवेचनाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे.

मुठा खोऱ्याची रचना

मुठा सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहते. तिला खडकवासल्याच्या वर आंबी आणि मोसे या दोन नद्या मिळतात. या तीन नद्यांची खोरी म्हणजे जुन्या मावळ प्रांताचा भाग. शिवकालातील बाजी पासलकर हे याच मोसे खोऱ्यातले. घाटमाथ्यावर पाऊस भरपूर पडतो, परंतु पूर्वेकडे जाऊ लागताच तो झपाट्याने कमी होतो. पुण्यात तो मध्यम असतो आणि दौंड-इंदापूरच्या बाजूला तर अवर्षणप्रवण प्रदेशच सुरू होतो. पुण्यात संगमावर मुठा मुळेला मिळते. पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात जाते. म्हणजे एकाच प्रवाहावर भरपूर पावसाचा डोंगरी मुलूख, एक वाढते शहर आणि कोरडवाहू पठार असे तीन भिन्न समाज वसलेले आहेत. पुढील सर्व संघर्षाचे मूळ या भौगोलिक रचनेत आहे.

खडकवासलापूर्व पाणीव्यवस्था

नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रज येथे तलाव बांधून दगडी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणण्यात आले. ही योजना केवळ उताराच्या बळावर चालत असे. नळाच्या मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून हवा बाहेर पडे आणि नळाची साफसफाईही करता येई. या नळावर शहरात अनेक हौद बांधले गेले. पुढे नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावच्या बाजूने आणखी एक नळ आणून सदाशिव पेठेतील हौदाला पाणी दिले.

या व्यवस्थेचे तांत्रिक गुण निर्विवाद आहेत. तिचा सामाजिक विचार मात्र वेगळा करावा लागतो. हौद सार्वजनिक म्हटला तरी त्यावर येण्याचा अधिकार सार्वजनिक नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना त्या पाण्याला शिवता येत नसे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही घटना या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. शहरात पाणी होते. ते कोणाला मिळावे हे मात्र पाण्याच्या उपलब्धतेवरून ठरत नव्हते. हे सूत्र पुढील काळातही निराळ्या रूपात कायम राहिले, असे दिसते.

इंग्रजी अमलात लष्करी छावणी वसल्यावर पाण्याची गरज वाढली. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५० च्या सुमारास मुळा-मुठेवर बांध घालण्यात आला. 'बंडगार्डन' या नावातील बंड म्हणजे हाच बांध. परंतु शहर व छावणी या दोहोंची गरज त्याने भागण्यासारखी नव्हती.

खडकवासला : सिंचनाचे धरण

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पुण्याच्या पूर्वेकडील भागात वारंवार पडणाऱ्या अवर्षणामुळे सरकारने कायमस्वरूपी सिंचनाच्या योजना हाती घेतल्या. कर्नल फाइफ या लष्करी अभियंत्याने मुठेवर धरण बांधून दोन्ही तीरांवर कालवे काढण्याची योजना पुढे आणली. दशकाच्या अखेरीस सुरू झालेले काम १८७९ मध्ये पूर्णत्वास गेले. दगडी बांधकामाचे हे धरण त्या काळातील भारतातील मोठ्या धरणांपैकी एक होते. त्याच्या जलाशयाला 'लेक फाइफ' असे नाव देण्यात आले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या १८८५ मधील पुणे खंडात या कामाचे सविस्तर वर्णन आढळते.

या योजनेला सरकारी दप्तरात 'मुठा कालवे' असे नाव होते, ही बाब महत्त्वाची आहे. योजनेची ओळख तिच्या कालव्यांवरून होती. पुणे शहर आणि छावणी यांना पाणी देणे हा तिचा एक उपयोग होता आणि ते पाणीही कालव्यातूनच घेतले जाई. १८८१ च्या जनगणनेच्या वेळी छावणी वगळता शहराची लोकसंख्या लाखाच्या आसपास होती. एवढ्या वस्तीची गरज कालव्याच्या एकूण पाण्याच्या मानाने अल्प होती. त्यामुळे शहर आणि शेती यांच्यात वाटपाचा प्रश्न तेव्हा उद्भवला नाही.

या टप्प्याशी जोतीराव फुले यांचा दुहेरी संबंध आहे. पुण्याजवळील धरणाच्या बांधकामासाठी त्यांनी साहित्य पुरविण्याचे कंत्राट घेतले होते आणि मांजरी येथे त्यांची शेतीही होती. १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपली ओळख व्यापारी आणि शेतकरी अशी करून दिली. १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी सरकारने ठिकठिकाणी तलाव, तळी व धरणे बांधावीत आणि पावसाचे पाणी जागच्या जागी मुरवावे असा आग्रह धरला. मोठ्या धरणाच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेला हा विचारवंत केवळ मोठ्या धरणावर विसंबून राहण्यास सांगत नाही, याकडे अभ्यासकांनी लक्ष दिले पाहिजे. कालव्याचे पाणी कालव्याकाठच्या शेतकऱ्याला मिळते. बाकीच्यांसाठी त्यांच्या शिवारातच पाणी अडविले पाहिजे, असा त्यामागील आशय दिसतो.

प्रारंभीच्या काळात कालव्याला सरकारच्या अपेक्षेइतके ग्राहक मिळाले नाहीत. पाऊस बरा झाला की शेतकरी पाणीपट्टी भरण्यास राजी नसे आणि पाऊस नसला की सर्वांना एकाच वेळी पाणी हवे असे. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी दख्खनच्या कालव्यांवर जे प्रयोग झाले, त्यात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव अग्रगण्य आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. गटवार पाणीवाटपाची पद्धत त्यांनी सुचविली. तसेच खडकवासला धरणाच्या सांडव्यावर त्यांनी आपोआप उघडणारे व मिटणारे दरवाजे बसविले. हे दरवाजे १९०३ मध्ये प्रथम येथे बसले आणि पुढे ग्वाल्हेरजवळील तिग्रा व म्हैसूरजवळील कृष्णराजसागर येथेही त्यांचा उपयोग झाला. जुन्या भिंतीची उंची न वाढविता जलाशयातील साठा वाढविणे हे या दरवाजांचे वैशिष्ट्य होते. पूर आला की ते उघडत आणि पाणी उतरले की मिटत. अर्थात, विसाव्या शतकाच्या प्रारंभीच मूळ साठा अपुरा वाटू लागला होता, असा याचा अर्थ होतो.

१९१६ मध्ये मुंबई सरकारने पुण्यात सिंचनविषयक संशोधनासाठी एक विशेष शाखा सुरू केली. तिचेच रूपांतर पुढे खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत झाले. ऑक्टोबर १९४९ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला याच जलाशयाच्या परिसरात बसविण्यात आली. अशा रीतीने मूळच्या सिंचन जलाशयाभोवती राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था उभ्या राहिल्या आणि खडकवासल्याचे स्थान शेतीपुरते उरले नाही.

१२ जुलै १९६१

स्वातंत्र्योत्तर काळात पुण्याचे स्वरूप बदलले. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. उद्योग वाढले आणि वस्ती वाढली. सिंचनाची मागणीही वाढत होती. खडकवासल्याचा साठा या दोहोंना पुरा पडणार नाही हे उघड झाले आणि आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधण्याचे काम १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले.

१९६१ च्या पावसाळ्यात या धरणात प्रथमच पाणी अडविण्यात आले. तेव्हा पाणी सोडण्याच्या मोरीचे व तिच्या दरवाजांचे काम अपुरे होते. ठरलेल्या मुदतीपूर्वी पाणी साठविण्याची घाई झाली, हा मुद्दा पुढे चौकशीत प्रामुख्याने आला. जुलैच्या जोरदार पावसाने जलाशय वेगाने भरला. मोरीवरील भागात मातीचा बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो सावरण्याचा प्रयत्न केला. परंतु १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटले. ते पाणी खडकवासल्यात आले. ऐंशीहून अधिक वर्षे उभ्या असलेल्या जुन्या दगडी भिंतीने काही तास तग धरला आणि दुपारी तीही फुटली. नदीकाठच्या पेठा, जुने वाडे आणि पूल पाण्याखाली गेले.

दुर्घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे काम न्यायमूर्ती बावडेकर यांच्याकडे होते. काम पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला आणि पुढे न्यायमूर्ती नाईक यांनी चौकशी पूर्ण केली. पुनर्वसनाच्या कामात स. गो. बर्वे यांच्या प्रशासनकौशल्याचा उल्लेख आजही आदराने केला जातो. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी अर्धगोलाकार छपरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या भागांच्या वाढीला पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाने चालना दिली. पेठांतील वाडासंस्कृतीकडून सहकारी गृहरचना संस्थांकडे झालेल्या संक्रमणाला या पुराने गती दिली, असे म्हणता येईल.

या घटनेचे आणखी दोन परिणाम पाणीहक्काच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला परिणाम असा की, पुरात बुडालेल्या शहराला दुसऱ्याच दिवशी पिण्याचे पाणी नव्हते. खडकवासल्याचा जलाशय रिकामा झाला होता. शहराला जुन्या विहिरींकडे पुन्हा वळावे लागले. तोपर्यंत कालव्याचा एक ग्राहक असलेले शहर आता पूर्णतः धरणावर अवलंबून आहे, याची जाणीव या दुर्घटनेने करून दिली. दुसरा परिणाम स्मृतीच्या पातळीवरचा आहे. 'पानशेत' हा शब्द मराठी माणसाच्या मनात एका पुराचे नाव म्हणून रुजला. आंबी खोऱ्यातील एका गावाचे ते नाव आहे आणि त्या गावासह आसपासची गावे धरणासाठी उठली, ही बाब त्या स्मृतीत मागे पडली. शहराचे नुकसान एका दिवसात झाले आणि त्याची नोंद झाली. खोऱ्याचे नुकसान वर्षानुवर्षे होत राहिले आणि त्याची नोंद त्रोटक राहिली.

वरची धरणे आणि विस्थापन

दुर्घटनेनंतर खडकवासल्याची भिंत पुन्हा बांधण्यात आली. पानशेत धरण १९७० च्या दशकात नव्याने उभे राहिले. मोसे नदीवरील वरसगाव धरण १९९० च्या दशकात पूर्ण झाले आणि मुठेवरील टेमघर धरण त्यानंतर झाले. पानशेतच्या जलाशयाला तानाजीसागर, तर वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकर यांचे नाव देण्यात आले.

या चार धरणांच्या उपयुक्त साठ्याचे आकडे बोलके आहेत. खडकवासल्याची क्षमता १.९७ अब्ज घनफूट (रूढ भाषेत टीएमसी), पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२ आणि टेमघरची ३.७१ इतकी आहे. एकूण साठा २९.१५ अब्ज घनफूट होतो. म्हणजे ज्याच्या नावाने प्रकल्प ओळखला जातो, त्या खडकवासल्यात एकूण साठ्याच्या सात टक्क्यांहूनही कमी पाणी मावते. पानशेत व वरसगाव या दोन धरणांत मात्र ऐंशी टक्के पाणी आहे. पुण्याचे पाणी खडकवासल्यातून येते हे म्हणणे सोयीचे असले तरी ते प्रामुख्याने आंबी आणि मोसे खोऱ्यांतून येते. खडकवासला आज वरून आलेले पाणी घेऊन शहर व कालव्याला देणारी मधली टाकी झाला आहे.

पानशेतचे काम सुरू झाले तेव्हा महाराष्ट्रात प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९७६ मध्ये झाला. शेजारच्या मुळा खोऱ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला होता. धरणग्रस्तांच्या हक्काचा प्रश्न या परिसरात इतका जुना असूनही कायद्याला अर्धशतक लागले. मुठा खोऱ्यातील अनेक कुटुंबांना लाभक्षेत्रात, दौंडच्या बाजूला जमिनी देण्यात आल्या. भातशेती आणि डोंगरउतारावरील नाचणी-वरई यांवर जगलेल्या मावळी कुटुंबाला काळ्या जमिनीत कालव्याच्या पाण्यावर नव्याने शेती करावी लागली. येथे एक वेगळी साखळी दिसते. ज्यांनी धरणासाठी जमिनी दिल्या त्यांचे नवे जीवन त्याच धरणाच्या कालव्यावर अवलंबून ठेवण्यात आले. त्यामुळे शहराकडे पाणी वळल्याने कालव्याचे आवर्तन कमी झाले, तर त्याची झळ बसणाऱ्यांत हे विस्थापितही असतात.

धरणाच्या काठावरील जमिनींचा प्रश्नही पुढे आला. मोसे खोऱ्यात वरसगाव जलाशयाच्या वरच्या अंगाला लवासा हे गिरिस्थान नगर उभे राहू लागले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेथील काम थांबविण्याचे आदेश दिले. पाणलोट क्षेत्रावर पहिला हक्क कोणाचा, हा वाद त्यानिमित्ताने राष्ट्रीय पातळीवर गेला. धरणांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही संपला नव्हता. २०१६ मध्ये टेमघर धरणाच्या भिंतीतून मोठी गळती होत असल्याचे उघडकीस आले आणि दुरुस्ती हाती घ्यावी लागली.

कालव्याकडून नळाकडे

मुठेचा नवा उजवा कालवा पुण्यातून हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांकडे जातो. वाटेतील शेतीबरोबरच काही गावांच्या व नगरांच्या पिण्याच्या पाण्याचाही तो आधार आहे. त्यामुळे शहर विरुद्ध शेती एवढ्यापुरता हा प्रश्न मर्यादित नाही. मोठ्या शहराचे पिण्याचे पाणी आणि लहान गावाचे पिण्याचे पाणी असाही तो आहे. दुसरीकडे लाभक्षेत्रात उसाचे क्षेत्र वाढले. अवर्षणप्रवण भागातील अन्नधान्याला संरक्षण देण्याचा कालव्याचा मूळ हेतू तेथेही बदलला, हे मान्य केले पाहिजे. हेतूपासून दूर जाण्याचा दोष केवळ शहराकडे देता येणार नाही.

शहराची मागणी मात्र सर्वाधिक वेगाने वाढली. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावांचा हद्दीत समावेश करण्यात आला. खडकवासला प्रकल्पातून शहराला ११.५० अब्ज घनफूट पाण्याचा मंजूर कोटा होता. प्रत्यक्ष उचल त्याहून अधिक होत राहिली आणि त्यावरून महानगरपालिका व जलसंपदा विभाग यांच्यात वारंवार वाद झाले. केवळ मंजूर कोट्याला २०११ च्या लोकसंख्येने भागले तरी माणशी दररोज सुमारे २८५ लिटर पाणी येते. नागरी पुरवठ्यासाठी सामान्यतः १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते. असे असूनही शहराच्या अनेक भागांत पाणी अपुरे मिळते. याचा अर्थ असा की, प्रश्न साठ्याचा जितका आहे तितकाच गळतीचा आणि शहरांतर्गत असमान वाटपाचा आहे. 'समान पाणीपुरवठा' या नावाची योजना महानगरपालिकेला हाती घ्यावी लागली, यातच असमानतेची कबुली आहे.

धोरणाच्या पातळीवरही अग्रक्रम बदलत गेले. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला आणि त्यानंतर शेतीला स्थान देण्यात आले होते. २०११ मध्ये हा क्रम बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आणली गेली. दरम्यान २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले आणि पाणीवाटपाच्या वादांना अर्धन्यायिक व्यासपीठ मिळाले. त्यापूर्वी हे वाद मुख्यतः कालवा सल्लागार समितीच्या बैठकांत आणि राजकीय तडजोडींत मिटविले जात. शेजारच्या पवना खोऱ्यात ही तडजोड साधली नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्यास विरोध करणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तिघांचा मृत्यू झाला. उघड्या नदीतून वाहणाऱ्या पाण्यावर काठावरच्या गावांचाही वापर असतो. बंद नळातील पाणी फक्त शहराचे असते. या फरकाची जाणीव त्या आंदोलनाच्या मुळाशी होती.

धरणाच्या पायथ्याशी आणि नदीच्या खाली

शहराने वापरलेले पाणी पुढे कोठे जाते, हा पाणीहक्काच्या इतिहासातील दुर्लक्षित भाग आहे. सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तेथून उजनी जलाशयात जाते. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. म्हणजे एका शहराने सोडलेले पाणी दुसऱ्या शहराच्या पाणीसाठ्यात मिसळते. वापरलेले पाणी शुद्ध करून शेतीसाठी परत द्यावे, ही अट पुण्याच्या पाणीकरारात घालण्यात आली आणि मुंढवा येथून असे पाणी कालव्यात सोडण्याची व्यवस्थाही झाली. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानी अर्थसाहाय्याचा सुमारे ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. शेतीला मूळ पाण्याऐवजी वापरलेले पाणी देण्याचे हे धोरण पाण्याच्या पुनर्वापराच्या दृष्टीने योग्य असले, तरी त्या पाण्याचा दर्जा राखण्याची जबाबदारी पाळली गेली तरच ते न्याय्य ठरते.

अलीकडील तीन घटना धरणाजवळच्या माणसांची स्थिती दाखवितात. २७ सप्टेंबर २०१८ रोजी उजव्या कालव्याची भिंत दांडेकर पुलाजवळ फुटली आणि कालव्याकाठच्या वस्तीतील घरे वाहून गेली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाल्यानंतर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात गिया-बारे सिंड्रोम (जीबीएस) या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि त्याचा संबंध दूषित पाण्याशी असल्याचे आरोग्य यंत्रणांनी मानले. ही गावे खडकवासला धरणाच्या अगदी जवळची आहेत. त्यांचा समावेश शहरात झाला होता. परंतु शहराला मिळणारे शुद्ध केलेले पाणी त्यांच्या सर्व भागांत पोहोचले नव्हते आणि विहिरीच्या पाण्यावर त्यांची भिस्त होती. जवळजवळ दीडशे वर्षे ज्यांच्या शिवेवरून शहराचे पाणी गेले, त्यांना ते प्यायला मिळाले नाही, ही या इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारी बाब आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. खडकवासला धरण हे मूलतः सिंचनासाठी उभारलेले धरण होते. शहराचा पाणीपुरवठा हा त्याचा प्रारंभी एक दुय्यम उपयोग होता. हा क्रम कोणत्याही एका निर्णयाने बदलला नाही. लोकसंख्यावाढ, उद्योग आणि हद्दवाढ यांतून तो हळूहळू बदलत गेला आणि धोरणाने त्याला नंतर मान्यता दिली.

२. १९६१ ची दुर्घटना पुण्याच्या नगररचनेत जशी कलाटणी देणारी ठरली, तशीच ती शहराचे धरणावरील संपूर्ण अवलंबित्व उघड करणारीही ठरली. तिची सामूहिक स्मृती मात्र शहरापुरती मर्यादित राहिली.

३. आज शहर पिते त्या पाण्याचा बहुतांश साठा पानशेत व वरसगाव या धरणांत आहे. 'खडकवासला' या एकाच नावामुळे आंबी आणि मोसे खोऱ्यांतील विस्थापितांचा वाटा झाकला जातो.

४. पेशवेकालीन हौदापासून आजच्या नळजोडापर्यंत पाण्याची उपलब्धता आणि पाण्याचा अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या आहेत. पूर्वी हा अधिकार जातीने ठरे. पुढील काळात हद्द, वस्तीचे स्थान आणि राजकीय वजन यांचा प्रभाव त्यावर दिसतो.

५. पाणीवाटपाच्या चर्चेत केवळ 'किती पाणी' हा प्रश्न पुरेसा नाही. धरणाच्या वर कोणी काय गमावले आणि शहराच्या खाली कोणत्या दर्जाचे पाणी पोहोचले, हेही हिशेबात धरले पाहिजे.

पुण्याच्या पाण्याच्या इतिहासाचे साहित्य शहरातील ग्रंथालयांत व दप्तरखान्यांत आहे, तसेच ते दौंड तालुक्यातील पुनर्वसित गावांतही आहे. तेथील पहिल्या पिढीतील फार थोडी माणसे आता हयात आहेत. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून या गावांच्या मौखिक इतिहासाचे संकलन करून घेतले, तर मुठा खोऱ्याच्या इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल. हे काम मोठ्या निधीशिवायही होण्यासारखे आहे. मात्र ते आणखी लांबणीवर टाकता येणार नाही.